काच : साहित्य आणि कृती



ज्या सरांच्या स्मृतीप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, ते विज्ञानाचे शिक्षक होते. मी याच शाळेचा विद्यार्थी, आणि पुढे माझेही आयुष्य पदार्थविज्ञान शिकवण्यात गेले. त्यामुळे व्याख्यानाचे निमंत्रण आले तेव्हा विषय विज्ञानाचाच घ्यावा, आणि तो आपल्या बेळगाव-निपाणीच्या माणसाला परका वाटू नये, असे मनात होते. काच हा तसा विषय आहे. ती आपल्या खिडकीत आहे, चष्म्यात आहे आणि एका पिढीपूर्वीपर्यंत घरोघरच्या कंदिलात होती.

मला आज एकच गोष्ट समजावून सांगावयाची आहे. मीठ कशाचे बनले आहे हे सांगितले की त्याच्याविषयी बहुतेक सारे सांगून होते. मिठागरातले मीठ आणि प्रयोगशाळेत तयार केलेले मीठ यांच्या स्फटिकांत अणूंची मांडणी एकच असते. काचेचे तसे नाही. दोन काचांत घटकद्रव्ये तीच, प्रमाणही तेच, तरी एक टिकते आणि दुसरी तडकते. एकीतून प्रकाश कित्येक किलोमीटर जातो आणि दुसरीत तो विरून जातो. काच कशाची केली एवढे सांगून भागत नाही. ती कशी केली, हेही सांगावे लागते. कारण करण्याची रीत तिच्या अणूंच्या मांडणीत उतरलेली असते.

पाकाची गोष्ट

हे समजण्यासाठी प्रथम स्वयंपाकघरात जाऊ. साखरेचा दाट पाक करून त्यात दोरा सोडून ठेवला आणि त्याला दिवसचे दिवस स्वस्थ राहू दिले, तर दोऱ्याभोवती खडीसाखर जमते. तोच पाक आटवून, घोटत घोटत थंड केला तर तो बसतो आणि त्याच्या रवाळ वड्या पडतात. मात्र पाक चांगला कडक करून तूप लावलेल्या ताटात पातळ ओतला आणि न हलवता निवू दिला, तर पारदर्शक, ठिसूळ पापडी मिळते. ही पापडी म्हणजे साखरेची काच होय. चिक्कीतील शेंगदाण्यांना धरून ठेवणारा चकचकीत भाग हा याच जातीचा.

खडीसाखरेत साखरेचे रेणू कवायतीच्या रांगेसारखे नेमक्या अंतरावर उभे असतात. पापडीत ते द्रवात असतात तसेच, अस्ताव्यस्त, पण जागच्या जागी खिळलेले असतात. पाक निवताना घट्ट होत जातो, रेणूंना हालचाल करणे अवघड होते आणि रांगेत येण्यापूर्वीच ते अडकतात. पावसाळ्यात चिक्की चिकट होते याचेही कारण हेच. हवेतील पाणी आत शिरले की अडकलेले रेणू पुन्हा सैल होतात.

खिडकीच्या काचेत साखरेच्या जागी वाळू असते. वाळू म्हणजे सिलिका. तिच्यात सिलिकॉनच्या प्रत्येक अणूभोवती ऑक्सिजनचे चार अणू चतुष्फलकाच्या चार कोपऱ्यांवर बसतात. शेजारच्या दोन चतुष्फलकांत एक कोपरा सामाईक असतो आणि अशा रीतीने सर्वत्र जाळे विणले जाते. स्फटिकात हे जाळे नियमित असते. काचेत चतुष्फलक तेच, परंतु त्यांना जोडणाऱ्या सांध्यांचे कोन कमीजास्त असतात. परिणामी जाळ्यातील कडी कोठे लहान, कोठे मोठी होतात. हे चित्र झकारियासेन या शास्त्रज्ञाने १९३२ साली मांडले आणि वॉरेन यांच्या क्ष-किरणांच्या प्रयोगांनी त्याला आधार दिला. वाळू वितळावयास १७०० अंश सेल्सियसहून अधिक उष्णता लागते. म्हणून तिच्यात सोडा मिसळतात. सोडा जाळ्याचे काही सांधे तोडतो आणि काम १४००-१५०० अंशांवर आणतो. काच पाण्यात विरू नये म्हणून चुनखडी घालतात. हे झाले साहित्य.

निवण्याचा वेग

आता कृतीकडे वळू. शाळेच्या पटांगणावर मुले पळत आहेत अशी कल्पना करा. ती दमून हळूहळू थांबत असतील, तर जो तो आपापली सोयीची जागा शोधून बसतो. पण कोणी एकाएकी ‘स्टॅच्यू’ म्हणून ओरडले, तर कोणाचा पाय वर, कोणाचा हात पुढे, असे सारे जागीच थिजतात. काचरसाचे असेच होते. सावकाश निववला तर अणूंना अधिक सोयीच्या मांडणीत येण्यास अवधी मिळतो. झपाट्याने निववला तर अधिक तप्त द्रवातील मांडणी तशीच गोठून राहते.

नेहमीच्या सोडा-चुन्याच्या काचेत ही गोठण्याची क्रिया साधारण ५५० अंशांच्या आसपास होते. तेथे काचरसाची श्यानता पाण्याच्या श्यानतेच्या, एकावर पंधरा शून्ये, इतकी पट झालेली असते. एखाद्या काचेत नेमक्या कोणत्या तापमानाच्या द्रवाची रचना गोठलेली आहे, हे सांगण्यासाठी टूल या अमेरिकन संशोधकाने ‘कल्पित तापमान’ ही संज्ञा रूढ केली. हातात घेतलेली काच गारच असते. परंतु तिच्या अणूंची मांडणी ५२० अंशांची असेल किंवा ५८० अंशांची. जलद निववलेल्या काचेचे कल्पित तापमान जास्त, तिचे जाळे जरा फुगीर आणि घनता थोडी कमी. फरक सहसा एक टक्क्याहूनही कमी असतो. पण भिंगाचा वक्रीभवनांक बदलावयास तेवढा पुरतो. शुद्ध सिलिकेची काच मात्र येथे उलटी वागते. ती जलद निववली तर लहान कड्यांचे प्रमाण वाढते आणि घनताही वाढते. प्रत्येक जातीच्या काचेचा स्वभाव स्वतंत्रपणे अभ्यासावा लागतो तो यामुळे.

वेगाबरोबर दुसरीही एक अडचण येते. ओतलेल्या वस्तूचा पृष्ठभाग आधी निवतो आणि गाभा मागाहून. पृष्ठभाग कडक झाल्यावर गाभा आकसू पाहतो, आणि वस्तूत आतल्या आत ओढाताण साठते. ती असमान असली तर वस्तू आपोआपही तडकते. यावरचा उपाय म्हणजे अनुशीतन, ज्याला कारखान्यात अनीलिंग म्हणतात. घडवलेली वस्तू बोगद्यासारख्या लांब भट्टीतून नेऊन ठरावीक उष्णतेवर ठेवावयाची आणि मग बेताबेताने निववावयाची. माउंट पॅलोमारच्या दुर्बिणीचा ५ मीटर व्यासाचा आरसा १९३४ साली ओतला, तेव्हा तो निववण्यास सुमारे १० महिने लागले. याच ओढाताणीचा मोटारीच्या बाजूच्या काचेत हेतुपुरस्सर उपयोग करतात. तप्त काचेवर दोन्ही बाजूंनी हवेचे झोत सोडले की तिचा पृष्ठभाग सर्वत्र सारखा दाबाखाली राहतो. काच बळकट होते आणि फुटलीच तर तिचे बोथट तुकडे होतात.

धातूंचीही काच होते, पण त्यांचे अणू इतके चपळ की त्यांना थिजवावयास फारच घाई करावी लागते. १९६० साली पोल डुवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोने व सिलिकॉन यांचा वितळलेला मिश्रधातू सेकंदाला सुमारे दहा लाख अंश या वेगाने निववून धातूची पहिली काच मिळवली. अशा लोहयुक्त काचेच्या पातळ पट्ट्या आज विजेच्या ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यात वापरतात. स्फटिकी पोलादापेक्षा त्यांत विजेचा अपव्यय कमी होतो.

तळेगाव आणि ओगलेवाडी

आपल्या लोकांनी हे शास्त्र पुस्तकातून नव्हे, तर भट्टीपुढे उभे राहून आत्मसात केले. स्वदेशीच्या काळात अंताजी दामोदर काळे यांनी वर्षाला माणशी एक पैसा गोळा करून उद्योग उभारण्याची कल्पना काढली. लोकमान्य टिळकांनी तिला पाठिंबा दिला, आणि या पैसाफंडातून १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे काच कारखाना निघाला. जपान आणि अमेरिकेत काचविद्या शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तेथे मुख्य जाणकार होते. कारखाना तर होताच, पण काच करणारी माणसे तयार करणारी ती शाळाही होती.

पुढे १९१६ साली ओगले बंधूंनी कऱ्हाडजवळ आपला कारखाना काढला. त्यामागे औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांचे पाठबळ होते. हे तेच औंध संस्थान, ज्याने बेळगावात सायकलीच्या दुकानापासून आरंभ केलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना १९१० साली कुंडलच्या माळावर जागा दिली. बेळगावहून मिरजमार्गे पुण्याला जाताना कऱ्हाडचे जे स्थानक लागते ते ओगलेवाडीलाच आहे. तेथला ‘प्रभाकर’ कंदील महाराष्ट्रात आणि आपल्या सीमाभागात खेडोपाडी पोहोचला होता. तो कारखाना आता राहिला नाही. कंदीलही अडगळीत गेले.

कंदिलाच्या काचेचे काम वाटते तितके सोपे नाही. आतून ज्योतीची धग, बाहेरून पावसाळी वारा. भरीला एखादा थेंब उडाला की तापलेल्या काचेचा तेवढाच भाग एकदम आकसतो. काच पातळ असावी लागते, तिची जाडी सर्वत्र सारखी असावी लागते आणि मुख्य म्हणजे तिच्यात निवण्याच्या वेळची ओढाताण शिल्लक राहता कामा नये. वाळू कितीही स्वच्छ आणली आणि प्रमाण कितीही नेमके ठेवले, तरी अनुशीतनात घाई झालेली काच पहिल्याच पावसात दगा देणार. ज्या घरात संध्याकाळी कंदील हाच एक उजेड, त्या घरातील मुलाच्या अभ्यासाशी त्या भट्टीतील तासांचा असा थेट संबंध होता.

न वितळवता केलेली काच

काच करावयाची म्हणजे वितळवावयाचे, असे आपण धरून चालतो. निपाणीपासून जेमतेम ४० किलोमीटरवर, कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात, याहून वेगळ्या रीतीवर मोलाचे काम झाले आहे. तेथील पदार्थविज्ञान विभागातील एअर ग्लास प्रयोगशाळेत प्रा. ए. वेंकटेश्वर राव आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी सिलिकेच्या एरोजेलवर दीर्घकाळ संशोधन केले.

या रीतीला सोल-जेल म्हणतात. सिलिकॉनचे एखादे सेंद्रिय संयुग मद्यार्कात विरघळवून त्यात पाणी व थोडे उत्प्रेरक घातले की सिलिकेचे सूक्ष्म कण तयार होतात. ते एकमेकांना चिकटून जाळे विणतात आणि सारा द्रव खरवसासारखा थरथरता घट्ट होतो. हे सर्व खोलीच्या तापमानाला घडते. आम्लाने विणलेले जाळे आणि अल्कलीने विणलेले जाळे यांतही फरक पडतो. पहिल्यात साखळ्या लांब व नाजूक, दुसऱ्यात कण गोल व दाट.

खरी परीक्षा पुढे आहे. या ओल्या जाळ्यातील द्रव काढून टाकावयाचा कसा? नुसता वाळू दिला तर अतिसूक्ष्म छिद्रांत पृष्ठताणाचा जोर इतका होतो की जाळे आत ओढले जाऊन कोसळते आणि आकसलेला, भेगाळलेला खडा हाती येतो. परंतु द्रवाला बंद पात्रात इतका तापवला आणि दाबाखाली ठेवला की द्रव आणि वायू हा भेदच उरत नाही, तर पृष्ठताणही उरत नाही. मेथॅनॉलसाठी हे सुमारे २४० अंश व ८० वातावरणे दाबाला घडते. मग वायू हळूच सोडून दिला की जाळे जसेच्या तसे उभे राहते. हेच एरोजेल. किस्लर यांनी ते प्रथम १९३१ साली जाहीर केले. त्यात ९५ टक्क्यांहून अधिक हवाच असू शकते. हातावर ठेवले तर वजन जाणवत नाही आणि उष्णता तर ते जवळजवळ जाऊच देत नाही.

एरोजेलला हवेतील ओलावा मात्र सोसत नाही, कारण छिद्रांच्या भिंतींवर पाण्याला ओढून घेणारे हायड्रॉक्सिल गट असतात. कोल्हापूरच्या प्रयोगशाळेने त्यांच्या जागी मेथिल गट बसवून पाण्याला झिडकारणारी, तसेच दाबले असता लवचिकपणे पूर्ववत होणारी एरोजेले तयार केली. असे गट बसवले की महागडे दाबपात्र टाळून साध्या दाबावरही जेल वाळवता येते. आकसलेले जाळे पुन्हा फुलून येते. वाळूचा सिलिका आणि या ढगासारख्या पदार्थातील सिलिका यांत चतुष्फलक एकच आहे. भेद आहे तो कृतीचा.

लोणारचा आघात

आपण ज्या काळ्या पाषाणावर राहतो तो दख्खनचा बेसाल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा आहे. जेथे तो सावकाश निवला तेथे स्फटिक बनले. जेथे एकदम गारठला तेथे काच. याच पाषाणावर बुलढाणा जिल्ह्यात लोणार येथे प्राचीन काळी उल्का आदळली आणि सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर झाले. तेथील दगडांत मास्केलिनाइट नावाची काच सापडते, आणि ती विशेष आहे. ती वितळून झालेली नाही. आघाताचा दाब काही लाख वातावरणांपर्यंत गेला तेव्हा फेल्स्पार खनिजाच्या स्फटिकाची आतली मांडणी घनावस्थेतच मोडली. बाहेरचा आकार मात्र स्फटिकाचाच राहिला. त्याच खनिजाची वितळवून केलेली काच घेतली तर ती मास्केलिनाइटपेक्षा कमी घनतेची भरते. घटक एक, एक काच आगीतून आली, दुसरी आघातातून. घनता आणि वक्रीभवनांक मोजून भूवैज्ञानिक दोघींतला फरक ओळखतात आणि आघात किती जबर होता याचा अंदाज बांधतात. दगडातील काच येथे साक्षीदाराचे काम करते.

आज काय पणाला लागले आहे

दोन उदाहरणे देऊन हा भाग संपवतो. पहिले प्रकाशतंतूचे. नैसर्गिक गार वितळवून केलेल्या सिलिकेत धातूंची अशुद्धी राहते. सिलिकॉनच्या क्लोराइडची वाफ ज्योतीत जाळून केलेल्या काचेत धातू नसतात, पण ज्योतीतील पाण्यामुळे हायड्रॉक्सिल शिरते आणि ते नेमका उपयोगाचा अवरक्त प्रकाश शोषून घेते. म्हणून वाफेपासून काजळीसारखी सच्छिद्र सिलिका करून, ती क्लोरीनने कोरडी करून, मग तापवून सांधतात. १९७० साली कॉर्निंग कंपनीने केलेल्या तंतूत एका किलोमीटरनंतर शेकडा एक भाग प्रकाश उरत होता, आणि तेच मोठे यश मानले गेले. आज शेकडा ९५ भाग उरतो. जो जातो त्यातील बराचसा काचेच्या गोठलेल्या विस्कळीतपणामुळे विखुरतो. तंतू ओढताना तो थोडा सावकाश निववला तर विखुरणे कमी होते. मुंबईहून बेळगावला येणारा आपल्या मुलांचा आवाज या हिशेबावर अवलंबून आहे.

दुसरे उदाहरण अधिक गंभीर आहे. अणुइंधनावर प्रक्रिया केल्यानंतर उरणारा अतितीव्र किरणोत्सारी कचरा द्रवरूप असतो. तो टाकीत कायमचा ठेवता येत नाही. भाभा अणुसंशोधन केंद्राने तारापूर आणि तुर्भे येथे हा कचरा बोरोसिलिकेट काचेत मिसळून, पोलादी पिंपात ओतून घट्ट करण्याची व्यवस्था उभी केली. किरणोत्सारी अणू जाळ्याच्या विणीतच गुंततात. काच विरघळेल तेव्हाच ते सुटतील. हा करार हजारो वर्षांचा आहे.

येथे कृतीचे महत्त्व पराकोटीला जाते. भट्टी फार तापवली तर सीझियम आणि रुथेनियम वाफेबरोबर उडून जाते; पुरेशी तापवली नाही तर मिश्रण एकजीव होत नाही. तुर्भे येथील कचऱ्यात सल्फेट असते आणि नेहमीच्या काचेत ते फारसे सामावत नाही. वेगळे पडून पाण्यात विरघळणारा थर तयार होऊ नये म्हणून तेथील शास्त्रज्ञांनी बेरियमयुक्त काच वापरली. शिवाय पिंपाचा कडेचा भाग लवकर निवतो, मधला फार उशिरा. बोरॉनचा अणू काचेत तीन ऑक्सिजनशी जोडलेला असतो किंवा चारांशी, आणि जलद निवलेल्या भागात तिघांशी जोडलेल्यांचे प्रमाण वाढते. मधल्या भागात उलट भीती असते. निवण्यास फार वेळ मिळाला तर स्फटिक वाढू लागतात आणि त्यांच्या आजूबाजूची काच कमकुवत होऊ शकते. म्हणजे एकाच पिंपात, एकाच ओतीव रसाच्या, किंचित निराळ्या काचा असतात. त्यांतील सर्वांत दुबळी काच किती काळ टिकेल, हाच खरा प्रश्न असतो, आणि त्याचे उत्तर घटकांच्या यादीत मिळत नाही.

विद्यार्थी मित्रहो, प्रयोगवहीत आपण साहित्य, कृती, निरीक्षण आणि अनुमान असे चार मथळे घालतो. साहित्याची यादी सर्वजण नेटकी लिहितात. कृती मात्र बहुधा शेजारच्या वहीतून उतरवली जाते : ‘मिश्रण तापवले व थंड होऊ दिले.’ किती तापवले, किती वेळात थंड होऊ दिले, भांडे कसले होते, हवा दमट होती की कोरडी, यांचा उल्लेख नसतो. स्फटिकांच्या प्रयोगात हे पुष्कळदा खपून जाते. काचेच्या प्रयोगात खपत नाही, कारण ज्या गोष्टी तुम्ही वहीत लिहिल्या नाहीत त्या काचेत मात्र नोंदल्या गेलेल्या असतात. उद्या तुमच्यापैकी कोणी कोल्हापूरच्या, धारवाडच्या किंवा आणखी दूरच्या प्रयोगशाळेत गेला आणि दुसऱ्याच्या निबंधातील काच पुन्हा करून पाहू लागला, तर पहिली अडचण बहुधा हीच येईल की घटकांची टक्केवारी दशांशापर्यंत दिलेली आहे आणि निववण्याचा वेग दिलेलाच नाही.

तेव्हा माझी विनंती एवढीच की या वर्षीपासून शाळेच्या प्रयोगवहीत ‘कृती’ या मथळ्याखाली तापमान आणि वेळ यांचे दोन रकाने स्वतंत्र आखावेत, आणि गुण देताना शिक्षकांनी ते आधी पाहावेत. सरांच्या स्मृतीला शोभेल असे हे काम आहे आणि त्याला खर्चही नाही.